अंग झोपलेलं, मन जागं: सजग स्वप्नात हलायचं कसं, आणि अंग जखडलं तर काय करायचं

पहाटेचे साडेचार. डोळे उघडे आहेत, वरचा पंखा दिसतोय, शेजारी झोपलेल्याचा श्वासही ऐकू येतोय. हात उचलायला जावं तर तो आपला नाहीच असं वाटतं. हाक मारावी तर घशातून आवाज फुटत नाही. छातीवर कुणीतरी ठाण मांडून बसलंय आणि दाराशी कुणीतरी उभं आहे, याची पक्की खात्री वाटते. आजी म्हणेल छातीवर भूत बसलं, उशाखाली अडकित्ता ठेव. डॉक्टर म्हणतील स्लीप पॅरालिसिस.

सजग स्वप्नाचा, म्हणजे ल्युसिड ड्रीमचा सराव करणाऱ्यांना ही अवस्था कधीतरी गाठण्याची शक्यता असते, आणि एका वाईट पहाटेनंतर कित्येकजण सराव सोडून देतात. सोडायचं कारण नाही. झोपेत आपल्याकडे जणू दोन शरीरं असतात, एक गादीवरचं आणि एक स्वप्नातलं. गादीवरच्याला कुलूप असतं, स्वप्नातलं मोकळं असतं. कोणतं शरीर हलवायला निघालो आहोत हे ओळखता आलं, की खालच्या बहुतेक युक्त्या आपोआप समजतात.

कुलूप कोण लावतं

ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं प्रामुख्याने रेम झोपेत पडतात. या झोपेत बंद पापण्यांखाली बुबुळं भरभर हलतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनियल क्लाइटमन यांनी तिची नोंद केली. याच झोपेत मेंदूच्या देठातून, मेंदू पाठीच्या कण्याला जोडला जातो त्या भागातून, मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि हातापायांचे स्नायू ढिले पडतात. स्वप्नात पळताना मेंदू पळण्याचा हुकूम खरोखरच सोडत असतो, तो वाटेत अडवला जातो. फ्रान्समधल्या लिओं शहरात मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा अडवणारा भाग निकामी करून पाहिला. ती मांजरं रेम झोपेतच उठून उभी राहिली आणि समोर नसलेल्या भक्ष्यावर झेप घेऊ लागली. कुलूप नसेल तर आपलंही तसंच होईल.

दोन जागा मात्र या कुलपाच्या बाहेर राहतात: डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वासाचा पडदा. डोळे मोकळे असतात म्हणून तर सजग स्वप्न प्रयोगशाळेत सिद्ध करता आलं. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली यांनी झोपेतूनच, आधी ठरवल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण दिली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी तीच रीत स्वतंत्रपणे वापरली आणि १९८१ साली निष्कर्ष छापले. यातून सरावाला लागणारी एक गोष्ट कळते: स्वप्नात डावीकडे बघितलं तर गादीवरचे डोळेही डावीकडे वळतात. दोन्ही शरीरांत सरळ दोरी बांधलेली आहे ती फक्त इथे, आणि काही अंशी श्वासाला.

श्वासाचं नीट समजून घ्या, कारण सगळी घबराट तिथूनच उठते. श्वासपटल आपलं काम चोख करत असतं. बरगड्यांमधले आणि मानेचे मदतनीस स्नायू मात्र ढिले असतात. त्यामुळे मुद्दाम, जोर लावून खोल श्वास घ्यायला गेलं की छाती फुगत नाही. मेंदू त्याचा अर्थ लावतो, कुणीतरी दाबतंय. जितका जोर लावाल तितकं दाबल्यासारखं वाटतं. प्राणवायू कमी पडत नसतो. श्वास ओढायचा सोडून दिला की तो होता तसाच चालू असल्याचं लक्षात येतं.

स्लीप पॅरालिसिस म्हणजे हे कुलूप उघडायच्या आधीच जाग येणं, किंवा जाग असतानाच ते लागणं. स्वप्नाचं यंत्रही अर्धवट चालूच असतं, म्हणून खऱ्या खोलीवर स्वप्नातली माणसं येऊन उभी राहतात. बहुतेक वेळा हे काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटं टिकतं. २०११ साली ३५ अभ्यासांतल्या ३६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. तेव्हा सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला दिसला. वसतिगृहातली जागरणं पाहता दुसऱ्या आकड्याचं नवल वाटू नये.

एक गैरसमज आधी काढून टाकू

समाजमाध्यमांवर सर्रास सांगितलं जातं की रात्री आडवं व्हा, तासभर अजिबात हलू नका, खाज आली तरी खाजवू नका, मग अंग जखडेल आणि स्वप्नात शिरता येईल. हे चुकीचं आहे, आणि यात लोकांची झोप वाया जाते. कुलूप रेम झोपेबरोबर येतं, निश्चल पडून राहिल्याने येत नाही. साधारणपणे झोप लागल्यावर पहिली रेम फेरी यायला दीड तास लागतो आणि तीही छोटी असते. लांब फेऱ्या पहाटे असतात. म्हणून रात्री ११ ला पाठ टेकल्या टेकल्या केलेला प्रयत्न जवळजवळ कधीच साधत नाही. खाज आली तर खाजवा, आवंढा आला तर गिळा, कूस बदलावीशी वाटली तर बदला. शरीर सैल आणि आरामात असणं महत्त्वाचं. पुतळा होऊन पडलात तर जागेच राहाल.

आणि अंग जखडल्याची जाणीव होणं ही सजग स्वप्नाची अट मुळीच नाही. बरीचशी सजग स्वप्नं, आधीपासून चालू असलेल्या स्वप्नात 'अरे, हे तर स्वप्न' असं लक्षात येऊन सुरू होतात. तिथे जखडल्याचं कळतही नाही.

रात्रीची तयारी

११ ला झोपत असाल तर गजर ४ चा लावा. साडेचार ते सहा तास झोप झालेली असावी. एकाच खोलीत चौघं झोपत असतील तर मोबाइल थरथरण्यावर ठेवून उशीच्या अभ्र्यात सरकवा. घरच्यांची झोप मोडून केलेला सराव फार दिवस चालत नाही.

उठल्यावर लघवीला जाऊन या, दोन घोट पाणी प्या, मंद दिव्यात १५ ते २० मिनिटं बसा. मोबाइलचा पडदा बघू नका. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा आणि त्यातली विचित्र गोष्ट हेरा: शाळेच्या वर्गात ऑफिसचा साहेब बसला होता, घराला एक जादा खोली होती. मग पुन्हा आडवं होताना तेच स्वप्न मनात फिरवा आणि त्या विचित्र जागी पोचल्यावर स्वतःला सांगा, 'पुढच्या वेळी हे दिसलं की मला कळेल मी स्वप्नात आहे.' झोप लागेपर्यंत हेच. ही पद्धत साधी आहे आणि तिच्यात जखडण्याशी सहसा गाठ पडत नाही. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जखडण्याची भीती वाटत असेल तर कुशीवर झोपा. उताणं झोपल्यावर हा अनुभव जास्त येतो. झोपेत उताणं होण्याची सवय असेल तर पाठीमागे लोड किंवा गुंडाळलेली गोधडी लावा. आठवड्यात एकदा, फार तर दोनदा हा प्रयोग करा, तोही दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येईल अशा रात्री. झोप अपुरी राहिली की जखडणं वाढतं, आणि मग सरावाचा सगळा वेळ घाबरण्यात जातो.

जागेपणातून थेट स्वप्नात शिरताना

दुसरी पद्धत आहे मन जागं ठेवून अंगाला झोपू देण्याची. इथे मात्र जखडणं कळू शकतं. पहाटेच्या त्याच वेळी डोळे मिटून पडा आणि श्वास सोडताना मोजा: एक, मी स्वप्नात आहे, दोन, मी स्वप्नात आहे. थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांसमोर नक्षी, चेहरे, तुटक दृश्यं येऊ लागतील. त्यांच्यामागे धावू नका, येऊ द्या. मग काहींना कानात गुणगुण, अंगातून झणझणाट, जडपणा, खाली पडल्याचा किंवा तरंगल्याचा भास, आपल्या नावाची हाक असं काही जाणवतं. नवशिके इथेच दचकतात आणि सवयीने खरा हात हलवून बघतात. तेवढ्याने जाग येते, किंवा हात हलत नाही म्हणून घाबरगुंडी उडते.

या क्षणी गादीवरच्या शरीराला काहीही करायला सांगू नका. हालचाल फक्त जाणवून बघा. झोपाळ्यावर बसून हलकेच झोका घेताय असं अंगात जाणवू द्या. झोका मोठा होत गेला की कुशीवर वळून पलंगाखाली उतरा. उतरताना स्नायू ताणायचे नाहीत, वळल्याची संवेदना तेवढी हवी. दृश्य डोळ्यांसमोर उभं करण्यापेक्षा अंगातली संवेदना जागवणं पुष्कळांना सोपं जातं: पायाखाली थंड फरशी, तळव्याला दोरखंडाचा खरखरीतपणा, जिन्याच्या पायऱ्या चढताना गुडघ्यावर येणारा भार.

बोटांची एक युक्ती आहे, ती जवळून सांगण्यासारखी आहे. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांवर तर्जनी आणि मधलं बोट ठेवलंय असं समजा. एक दाबा, दुसरं उचला, मग उलट. हालचाल इतकी बारीक हवी की खरी पेटी असती तर पट्टी दबलीही नसती, चादरीवर सुरकुतीही पडू नये. हे करायचं ते पहाटे गुंगी भरपूर असताना, २०-३० सेकंद. कधी कधी तेवढ्यात बोटं गादीवर हलायची थांबलेली असतात आणि हलत असतात ती स्वप्नातली. आपल्याला फरक कळत नाही, म्हणून लगेच पडताळा घ्या. चिमटीत नाक धरा आणि नाकाने श्वास घ्या. श्वास आत गेला तर हे स्वप्न आहे, कारण खरा हात नाकापाशी आलेलाच नाही. मिनिटभरात काही झालं नाही तर सोडून द्या आणि झोपा. जास्त वेळ केलं की पूर्ण जाग येते.

नाकाचा हा पडताळा प्रत्येक वेळी जाग आल्यावर करायची सवय लावा. उठलो, चूळ भरली, चहा ठेवला, आणि मग कळलं की हेही स्वप्नच, असं या सरावात फार होतं.

स्वप्नात शिरल्यावर हलायचं कसं

पहिले दहा सेकंद उड्या मारू नका, उडायला जाऊ नका. दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासा आणि त्यांची ऊब, खरखर जाणवू द्या. भिंतीला हात लावा, जमीन चाचपा. लक्ष स्वप्नातल्या कातडीवर असेल तोवर ते गादीवरच्या पाठीकडे जात नाही, म्हणून स्वप्न टिकतं. दृश्य फिकं पडू लागलं तर हात पसरून जागच्या जागी फुगडीसारखी गिरकी घ्या. लाबर्ज यांनी हे दोन्ही उपाय मांडले आणि तपासले. गिरकीनंतर बहुधा देखावा बदललेला असतो, तेव्हा थांबल्या थांबल्या स्वतःला आठवण करा की स्वप्न चालूच आहे.

एकाच वस्तूकडे टक लावू नका. डोळ्यांची दोरी खऱ्या डोळ्यांना बांधलेली आहे हे आठवा. बुबुळं स्थिर केली की स्वप्न विरायला लागतं. नजर फिरती ठेवा.

पळायचंय पण पाय चिखलात रुतल्यासारखे उचलत नाहीत, हे स्वप्न सगळ्यांच्या ओळखीचं. सजग असताना यावर उपाय असतो. पायांकडे बघणं आणि पायांना जोर लावणं सोडा. जिथे जायचंय त्या जागेकडे बघा. खिडकीचा गज, कठडा, झाडाची फांदी धरून हातांनी स्वतःला ओढा. उलटं चाला. किंवा दार उघडा आणि पलीकडे ती जागा असेल असं धरून चला. जोर लावण्याची सवय गादीवरच्या शरीराची आहे, ती इथे आडवी येते. बोलताना आवाज फुटत नसेल तर किंचाळू नका, कुजबुजा. कुजबुज बहुधा निघते.

स्वप्नातल्या हालचालीचा खऱ्या शरीरावर परिणाम होतोच, फक्त तो दबका असतो. डॅनियल एरलाखर आणि मिखाएल श्रेडल यांच्या प्रयोगांत सजग स्वप्नात बैठका मारल्यावर झोपलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके वाढलेले दिसले. २०११ साली जर्मनीत मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी स्वप्नात मूठ वळताना मेंदूचा हालचालीचा भाग जागा होतो हे स्कॅनमध्ये पाहिलं. हाताचे स्नायू अधूनमधून फुरफुरतात, तेही नेहमीचंच आहे. एरलाखर यांनीच दाखवलं की स्वप्नात आकडे मोजायला साधारण जागेपणीइतकाच वेळ लागतो, बैठकांना मात्र जास्त लागतो. तबल्याचा कायदा किंवा बॅडमिंटनची सर्व्हिस स्वप्नात घोटायची असेल तर लय संथ धरा आणि चार-पाच आवर्तनांवर समाधान माना, कारण त्याहून जास्त होण्याआधीच स्वप्न संपण्याची शक्यता असते.

बाहेर पडायचं असेल तर वरचे सगळे नियम उलटे करा: एका जागी टक लावा, डोळे घट्ट मिटा, पाठीखालची गादी जाणवते का ते शोधा.

अंग जखडलं तर, क्रमाने

आधी नाव घ्या, मनातल्या मनात: 'हे स्लीप पॅरालिसिस आहे, मिनिटभरात सुटेल.' हे वाक्य दिवसा दहा वेळा घोकून ठेवा, ऐनवेळी नवं काही सुचत नाही.

मग डोळे मिटा. दाराशी काय आहे ते बघायला जाऊ नका. भीतीने त्या वेळी मेंदू सावलीतून माणूस घडवत असतो, आणि जितकं निरखाल तितकं ते ठसठशीत होतं. आवाज आला, अंथरूण ओढल्यासारखं वाटलं, तरी तो स्वप्नाचाच उरलेला तुकडा.

श्वास ओढू नका. उच्छ्वास लांब होतोय का इतकंच बघा, पोट आपोआप वर-खाली होऊ द्या. हातपाय झटकायचा प्रयत्न करू नका. सोबत मनात एखादी जिवाभावाची गोष्ट धरा, नातवाचं हसू, रामरक्षेची ओळ, जे तुमचं असेल ते. केंब्रिजमध्ये काम केलेले संशोधक बलंद जलाल यांची उपचारपद्धती याच धर्तीवर आहे: अनुभवाचा अर्थ बदलणं, भीतीपासून अंतर घेणं, लक्ष आत एका गोड गोष्टीवर नेणं, आणि स्नायू सैल सोडून न हलता राहणं.

इथे दोन वाटा फुटतात. मन शांत असेल तर वर सांगितला तसा झोका सुरू करा आणि कुशीवर वळून स्वप्नात उतरा. भीती दाटली असेल तर बाहेर या: डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवा, पायाचा अंगठा किंवा जिभेचं टोक हलवायचा हलका प्रयत्न करा, तोंड आंबट चिंच खाल्ल्यासारखं करा. मोठे स्नायू सोडून ही छोटी टोकं आधी सुटतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. एकदा प्रयत्न, मग सैल, मग पुन्हा. सतत झगडू नका.

सुटल्यावर सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तसंच पडून राहणं. मिनिटभरात पुन्हा तीच फेरी पकडते, आणि रात्रीत तीन-चारदा जखडल्याच्या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. उठून बसा, पाय फरशीवर टेकवा, दिवा लावा, पाणी प्या, पाच मिनिटांनी दुसऱ्या कुशीवर झोपा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा: झोपेत कण्हण्याचा किंवा भरभर श्वासाचा आवाज आला तर खांद्याला हात लावून नावाने हाक मारायची. गदागदा हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये.

कुणी थांबावं, कधी दाखवावं

दिवसा अनावर झोप येते आणि खूप हसल्यावर गुडघे लटके पडतात किंवा हातातली वस्तू गळते, असं असेल तर तो नार्कोलेप्सी आजार असू शकतो, मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी करा. झोपेत खरोखर लाथा-बुक्के बसत असतील, पलंगावरून उडी पडत असेल, तर कुलूपच नीट लागत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली मिनेसोटात या विकाराचं वर्णन केलं. तो पन्नाशीनंतर अधिक दिसतो आणि पुढे पार्किन्सनशी त्याचा संबंध आढळतो, म्हणून 'बाबा झोपेत भांडतात' म्हणून सोडून देऊ नका. झोपेत चालणं वेगळं, ते मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ, रेम नसलेल्या झोपेतलं असतं.

भास होण्याचा किंवा उन्मादाचा आजार झालेला असेल तर मध्येच झोप मोडणारा हा सराव डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. नैराश्याची गोळी मनाने बंद करू नका. ती अचानक थांबली की रेम झोप उसळते आणि स्वप्नं भयानक होतात. रात्रीच्या दारूनेही पहाटे असंच होतं. गॅलंटामीन हे स्मृतिभ्रंशाचं औषध सजग स्वप्नांसाठी ऑनलाइन मागवून घेणारे आहेत. हृदयाची गती मंदावण्यासारखे त्याचे दुष्परिणाम आहेत, त्याच्या वाटेला जाऊ नका. आठवड्याला कामाची पाळी (शिफ्ट) बदलणाऱ्यांनी आधी सलग दोन आठवडे झोपेची वेळ स्थिर ठेवून बघावी. जखडणं पुष्कळदा तेवढ्यानेच कमी होतं.

उशाशी वही ठेवा आणि जखडल्याच्या किंवा सजग झाल्याच्या प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा: किती वाजले होते, किती तास झोप झाली होती, उताणं की कुशीवर, शेवटचा चहा कधी घेतला, आणि सुटण्यासाठी किंवा शिरण्यासाठी कोणती हालचाल उपयोगी पडली. दहा-बारा नोंदी झाल्या की बहुतेकांना एखादा रकाना पुन्हा पुन्हा सारखाच भरलेला दिसतो. पुढच्या आठवड्यात तेवढीच एक गोष्ट बदला, बाकीच्या चार आहेत तशा ठेवा.